जांबोटीची लेक, अथणीची सून: एकाच जिल्ह्यात जेवण एवढं वेगळं कसं?

जांबोटीची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथं लिहितेय. माझं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आणि लग्न होऊन आलेय अथणीला. जिल्हा एकच, बेळगाव, दोन्ही घरात मराठीच बोलतात, रीतीभाती पण जवळपास त्याच, म्हणून घरचे सगळे म्हणत होते की पोरीला काही जड जाणार नाही. आणि माणसांचं म्हणाल तर खरंच जड गेलं नाही, आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई इतक्या मायेनं वागवतात की काय सांगू. पण स्वयंपाकघर मात्र पार दुसऱ्या मुलखातलं निघालं.

आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज नाहीतर नाचणीचं आंबील, दुपारी भात आणि ओलं खोबरं वाटून केलेली आमटी, आंबटाला आमसूल. पावसाळ्यात आळंबी, बांबूचे कोंब, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा, उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी. भाकरी केलीच तर तांदळाची, उकड काढून. चोर्ला घाटातून गोव्याची मासळी यायची ती वेगळीच. आणि इथं दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, सोबत शेंगाची चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, भरलं वांगं, मटकी, कच्ची मेथी आणि कांद्याची पात ताटात तशीच, दही, आणि भात म्हणजे शेवटी ताक घालून खायला चार घास. चव छान आहे हं, वांगं तर मी मागून घेते. पण पोटाला भाताची सवय, दुपारी जेवून उठलं तरी जेवल्यासारखं वाटतच नाही.

तर विचारायचं असं की एका जिल्ह्यात एवढा फरक कशामुळे? कुणी म्हणतं हे कानडी वळण आहे, पण आमच्या खानापुरात कानडी बोलणारी घरं आहेत ती पण आमच्यासारखंच भात-आमटी खातात, मग? सगळ्या भारतातच असं दर शंभर किलोमीटरवर बदलतं का आपल्याच भागात जास्त आहे? आणि दुसरं, भाकरी थापताना माझी कडेनं चिरतेच चिरते, आत्तींची बघावी तर चंद्रासारखी गोल. त्याला काय करू? कृपा करून सीमाप्रश्नाचं भांडण इथं आणू नका, मला खरंच स्वयंपाकाचंच विचारायचंय.

कृष्णाकाठ

पोरी, आधी भाकरीचं बघू, बाकीचं हे लोक सांगतीलच. तू तांदळाची भाकरी करणारी आहेस म्हणजे हात आहे तुला, फक्त धान्य वेगळं आहे. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून पाणी आधणाचं पाहिजे, चांगलं उकळतं. कोमट पाण्यानं मळलंस की चिरणारच. परातीत पीठ घे, मध्ये आळं कर, आधण ओत आणि उलथन्यानं कालव, वाफ जरा गेली की तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळ, एका वेळी एका भाकरीपुरतंच. खाली कोरडं पीठ भरपूर टाक आणि थापताना मध्ये कमी, कडेला बोटांनी जास्त, भाकरी आपोआप फिरत राहिली पाहिजे परातीत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ दे, त्यावर पाण्याचा हात फिरव आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पीठ. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, मग तू काहीही कर ती फाटणारच. थोडं थोडंच दळून आण. ज्वारी कुठली आणता घरी ते पण बघ, मालदांडी असेल तर भाकरी मऊ पडते आणि गोडीला पण वेगळीच. हायब्रीडची भाकरी थोड्या वेळात वातड होते.

उरलेल्या भाकऱ्या टाकू नका गं बायांनो. पातळ थापलेल्या असल्या आणि तव्यावर कडक वाळवल्या तर महिनाभर सुद्धा राहतात. पंढरीच्या वारीला जाताना आमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देतात, डबा उघडायचा आणि वर थोडं दही घ्यायचं, झालं जेवण.

हुक्केरीचा_आचारी

ताई तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण माझा धंदाच हा. लग्नाचा, जत्रेचा, वास्तुशांतीचा स्वयंपाक करत मी सगळ्या जिल्ह्यात फिरतो, खानापूर असो, बेळगाव, हुक्केरी, गोकाक, चिकोडी, रायबाग, अथणी, सौंदत्ती, सगळीकडं. काय सांगूलालोय नीट ऐका, आपल्या जिल्ह्यात ताट भाषेवर बदलत नाही, पावसावर बदलतंय.

तुमच्या माहेरापासून थोडं पुढं कणकुंबी, मलप्रभा जिथं उगवते. तिथला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तिथून पूर्वेकडं निघालं की प्रत्येक तालुक्याला पाऊस कमी कमी होत जातो आणि अथणीपर्यंत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. म्हणजे एका टोकाला सह्याद्रीचं जंगल आणि दुसऱ्या टोकाला कोरडवाहू काळं रान, मध्ये अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिकडं भात पिकतो म्हणून भात खातात, नाचणी पिकते म्हणून आंबील नाचणीचं. इकडं काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, ती नुसत्या ओलीवर आणि थंडीवर येते, तिच्याबरोबर करडई, जवस, हरभरा. म्हणून चटणी जवसाची आणि पूर्वी तेल करडईचं. भाषा बघून कुठलं पीक उगवलंय काय? खानापूरची कानडी घरं तुमच्यासारखंच खातात म्हणता, तेच तर. आणि अथणीतली मराठी घरं जे खातात तेच पलीकडं जमखंडी-विजापूरची कानडी घरं खातात आणि अलीकडं जत-मंगळवेढ्याची मराठी घरं पण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय.

आता मी कामाच्या गावी गेलो की पहिला प्रश्न काय विचारतो सांगू? आंबट कशानं करता. त्यावरून मला अर्धा मेनू कळतो. आमसूल म्हणाले की समजायचं घाटाच्या बाजूचे, ओला नारळ लागणार, तिरफळ असलं तर बरं, भात मोजून जास्त धरायचा. चिंच आणि गूळ म्हणाले की पूर्वेचे, सुकं खोबरं, तीळ, शेंगदाण्याचं कूट, भाकरी नाहीतर चपाती मोजून जास्त. ही युक्ती आपल्यापुरती नाही बघा, देशभर चालते. कोकणात कोकम, केरळात मासळीला कुडमपुळी जी कोकमाच्याच भाऊबंदातली, दख्खनचं पठार आणि तामिळनाडू चिंचेचं, उत्तरेला आमचूर. तेलाचं पण तसंच, केरळ खोबरेल, तामिळनाडूत तिळाचं, आपल्याकडं आणि गुजरातेत शेंगतेल, बंगाल-बिहारपासून काश्मीरपर्यंत मोहरीचं. जे ज्या मातीत आलं ते कढईत पडलं. आणि तुमचे बांबूचे कोंब म्हणाल तर आसाम, नागालँड, मणिपूरला ते रोजच्या जेवणात, कोडगूला पण आवडीनं खातात. जिथं धो धो पाऊस आणि बांबूचं बेट तिथं कोंब ताटात, कोरड्या मुलखात बहुतेकांना त्याची गंधवार्ता नाही.

लग्नाच्या पंगतीत फरक बघायचा तर गोडाकडं बघावं. खानापूर भागात शेवयांचं किंवा तांदळाचं खिरीसारखं काहीतरी नारळाच्या रसातलं असतं. बेळगाव शहरात कुंदा, बुंदी, आणि हौशी घर असलं तर मांडे. पूर्वेला गेलं की हुग्गी, गव्हाची खीर हो, ती पण खपली गव्हाची आणि गुळाची, वर तूप इतकं की वाटीच्या कडेनं ओघळतं. खपलीशिवाय हुग्गीला ती चव येत नाही, साध्या गव्हाची केली की जुनी माणसं एका घासात ओळखतात आणि मला बोलावून विचारतात. मला ते आवडतं, खाणाऱ्याला जाण असली की करणाऱ्याला हुरूप येतो.

चिकोडी_४२

आचारीदादांचं बरोबर आहे पण सगळंच पावसावर टाकू नका. आमचं जैन घर, शेतकरीच आहोत पिढ्यानपिढ्या. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा काहीच जमिनीखालचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. भिंतीला भिंत लागून मराठ्यांचं घर आहे, तिथं रविवारी मटणाचा तांबडा रस्सा शिजतो. पलीकडं लिंगायतांचं घर, तिथं मांस नाही पण कांदा-लसूण चालतो. पाऊस तिघांवर सारखाच पडतो की.

आणि कांदा-लसूण नाही म्हणजे बेचव असं कुणी समजू नये. आमच्या आईची हरभऱ्याच्या डाळीची आमटी नुसत्या हिंग, मिरे, सुकं खोबरं आणि कढीपत्त्यावर असते. बटाट्याच्या जागी कच्चं केळं. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की मूग, मटकी, चवळी, हुलगे, वड्या, सांडगे यांच्यावर चार महिने काढायचे, आणि त्यातून जेवढे प्रकार बायकांनी काढलेत ते बघून थक्क व्हायला होतं. हे पण वैविध्यच आहे ना, एका गल्लीतलं.

शहापूर_बेळगाव

छान धागा चाललाय. बेळगाव शहराचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमचं गाव बरोबर मध्यावर, पश्चिमेचा तांदूळ आणि पूर्वेची ज्वारी दोन्ही इथल्या बाजारात उतरतात. येळ्ळूर, शहापूर, अनगोळच्या शिवारात पावसाळ्यात भात आणि भात निघाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. म्हणून बेळगावच्या घरात मसुरीची आमटी असतेच, त्याला बासमती भात, म्हणजे आपली बेळगाव बासमती हं, शिजताना गल्लीत वास जायचा असा. रोज सकाळी इथनं भाजी गोव्याला जाते आणि तिकडनं मासळी येते, त्यामुळे घाटावर असून बांगडा आणि मोरी आमच्या ओळखीचे.

मांड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण आता करणारी माणसं कमी होत चाललीत आणि नवीन पोरांना ठाऊक असावं. कणीक तिंबून तिंबून इतकी सैल आणि चिवट करायची की ती हातावर झुलवून पसरवता आली पाहिजे, आत साखर, खसखस, वेलदोड्याचं सारण, मग उपड्या घातलेल्या खापरावर टाकायचा, खाली लाकडाचा जाळ. भाजून निघतो तोपर्यंत गरम असतानाच घडी घालायची, गार झाला की मोडतो. लग्नात रुखवतात ठेवायचा मान त्याचा. आणि पदार्थ किती जुना बघा, १२ व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात मंडक म्हणून हा आहे. आपल्याकडं मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा लहानपणी ऐकली नाही असं घर नसेल. मराठी संतकथेत आणि कल्याणीच्या कानडी मुलखातल्या राजाच्या ग्रंथात एकच पदार्थ, आणि आज तो बेळगावात टिकून आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण सगळंच काही तेवढं जुनं नाही. आपण ज्याला आपलं आपलं म्हणतो त्यातलं कितीतरी समुद्रापलीकडनं आलंय. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, मका, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं त्यानंतर हळूहळू हे इकडं पसरलं. बेलगुंदी-उचगावकडच्या तांबड्या मातीतली रताळी आज उत्तर भारतापर्यंत जातात, ते रताळं पण तिकडचंच. एकादशीला आपण जे खातो, रताळं, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा, मिरची, त्यातलं एक पण पाचशे वर्षांपूर्वी इथं नव्हतं. तेव्हा तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं. ज्वारी आणि नाचणी सुद्धा आफ्रिकेतून आली, पण ती हजारो वर्षांपूर्वी. म्हणून कुणी अमुक पदार्थ आमचाच असं छाती ठोकून सांगू लागलं की मी विचारतो, त्यातली मिरची काढून दाखवा बघू.

बॉर्डरवाला_निपाणी

हे सगळं महाराष्ट्राचंच जेवण आहे, भाकरी-पिठलं-ठेचा म्हणजे मराठी माणसाची ओळख, उगाच कानडी म्हणून कशाला वाटणी करताय

हुक्केरीचा_आचारी

दादा, वाटणी कोण करूलालंय? ताईंनी पहिल्यांदाच विनंती केलीय ती वाचा. तुमची भावना समजते, आमच्या घरात पण मराठी शाळा, मराठी कीर्तन. पण बघा, पिठलं-झुणका पलीकडं कलबुर्गीपर्यंत रोजच्या ताटात आहे आणि त्यांना पण तो आपलाच वाटतो. भरलं वांगं त्यांच्यात एण्णेगाई म्हणून, आमच्यात भरली वांगी म्हणून, कूट, तीळ, सुकं खोबरं, चिंच-गूळ सगळं तेच. दोघांचं आहे म्हणून आपलं कमी होत नाही.

चंदगडी_काजू

बॉर्डरवाले दादांसाठी एक गोष्ट. आमचा चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्ह्यातच होता, राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला. त्या दिवशी आमच्या आजीच्या चुलीवर काय बदललं? काहीच नाही. आदल्या दिवशी भात आणि नाचणीची भाकरी, दुसऱ्या दिवशी पण भात आणि नाचणीची भाकरी. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं, वासाला एक नंबर, आणि खानापूरच्या माणसाला तो खायला घाला, म्हणेल हा तर आमच्याकडचाच.

जांबोटीच्या ताई, आमच्यात पण हेच कोंब आणि आळंबी. वाचून बरं वाटलं.

गोकाकची_पोर

मी पण लिहू का थोडं? आमचं मुस्लिम घर, गोकाकचं. बाहेरच्या लोकांना वाटतं आमच्यात रोज बिर्याणी. अहो रोज ज्वारीची भाकरीच असते, सोबत दालचा, त्यात दुधी भोपळा, कधी वांग्याची भाजी, कधी सुकट. बिर्याणी सणाला नाहीतर लग्नाला. ईदला शीरखुर्मा असतो आणि मोहरमला चोंगे, म्हणजे गव्हाच्या जाडसर पोळ्या, वर गूळ, खोबरं, खसखस, डाळ्याचं पीठ. आमच्या गल्लीतली कितीतरी हिंदू घरं मोहरमला पंजांपुढं चोंगे आणि मलिदा नैवेद्याला आणतात, माझी अम्मी त्यांच्याकडं पंचमीला शेंगाचे लाडू खायला जाते. हे कुणी ठरवून करत नाही, असंच चालत आलंय.

आणि गोकाकचं नाव निघालं म्हणजे करदंट आलाच. डिंक तळून, गूळ, सुकं खोबरं, खारीक, काजू, बदाम. एक तुकडा खाल्ला की तासभर भूक लागत नाही. तिकडं बागलकोट जिल्ह्यातल्या अमीनगडचा पण करदंट फेमस आहे, कुठला चांगला यावर आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत, मी गोकाकच्या पार्टीत.

चुरमुऱ्याचं बघा, मला तर ते सगळ्यात भारी वाटतं. एकच चुरमुरा, सांगली-जयसिंगपूरला त्याचा भडंग होतो, कोरडा, लसूण-शेंगदाण्याचा, महिनाभर टिकतो. कोल्हापूरला भेळ. हुबळी-धारवाडला गिरमिट, चिंच-गूळ-कांद्याचा गरम मसाला करून त्यात कालवलेला, सोबत मिरची भजी, आणि लगेच खाल्ला पाहिजे नाहीतर मऊ पडतो. दावणगेऱ्याला मंडक्की. आणि कोलकात्याला झालमुढी, त्यात कच्चं मोहरीचं तेल घालतात. माझ्या रूममेटनं एकदा खायला दिली, पहिला घास नाकात गेला, नंतर मात्र पुडी मीच संपवली.

जांबोटीची_लेक

बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मी आत्तींना पण वाचून दाखवलं. कृष्णाकाठ अक्का, आधणानं केली आणि चिर खरंच खूप कमी झाली, पिठाचं पण तुम्ही म्हणता तसंच होतं, डब्यातलं जुनं होतं.

आत्तींनी एक गोष्ट सांगितली ती इथं लिहिते. त्या म्हणाल्या त्यांच्या लहानपणी घरात तांदूळ फक्त सणाला आणि आजारी माणसाला, बाकी भात म्हणजे ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर. अंबाडीच्या भाजीत पण त्याच कण्या आणि तुरीची डाळ, वरून लसणाची फोडणी. मग कृष्णेचं पाणी आलं, ऊस आला, ज्वारीची राने कमी झाली, आणि रेशनला तांदूळ मिळायला लागला. २०१३ मध्ये अन्नभाग्य ही रेशनच्या तांदळाची सरकारी योजना आल्यापासून तर गरिबाच्या घरात पण रोज भात. त्यांना याचं बरं पण वाटतं कारण कुणी उपाशी राहत नाही, आणि वाईट पण वाटतं की आताच्या सुनांना कण्या कशा करायच्या ठाऊक नाहीत. मला म्हणाल्या, तू शिकून घे. मी शिकतेय.

आता माझ्या मनात आहे की रविवारी सगळ्यांना माझ्या माहेरचं जेवण करून घालायचं. पण इथं ओला नारळ महाग आणि जुना मिळतो, आमसूल मी आणलंय, मासळी ताजी नाही, आणि मामंजींना नारळाची आमटी मिळमिळीत लागते. आचारीदादा, तुम्ही दोन्हीकडं स्वयंपाक करता, काय करू सांगा ना.

संकेश्वरी_लवंगी

मामंजींना मिळमिळीत लागतं तर वाटणात आमची संकेश्वरी टाका, दोन मिरच्या पुरतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, ही जोडी कधी चुकत नाही. ब्याडगीनं नुसता लाल रंग येतो, झणका येत नाही. आमच्याकडं चैत्रात वर्षाचं तिखट डंकावर कुटून आणतात त्यात पण दोन्ही असतातच.

हुक्केरीचा_आचारी

ताई, रविवारचा बेत चांगला आहे. मी सांगतो तसं करून बघा.

समुद्राच्या मासळीच्या मागं लागू नका, ताजी नसली की घाटाखालची चव येणारच नाही आणि नाव तुमच्या माहेराचं खराब होईल. कृष्णेचा मासा मिळतो की, मरळ नाहीतर कटला ताजा बघून घ्या. त्याला तिखट-मीठ-हळद आणि आमसुलाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, नदीच्या माशाचा मातकट वास आमसुलानं जातो. रस्सा करताना ओल्या नारळाच्या जागी सुकं खोबरं मंद भाजून, त्यात दोन चमचे तीळ आणि थोडे धणे, आणि लवंगी ताई म्हणतात तशी मिरची. तीळ घातले की मामंजींच्या जिभेला ओळखीचं लागेल आणि आमसुलाचा आंबटपणा तुमच्या घरचा राहील. तिरफळ आणलं असलं तर चार दाणे ठेचून शेवटी, जास्त नको, नवीन माणसाला ते औषधासारखं लागतं.

मासा न खाणाऱ्यांसाठी कुळथाचं कढण, वरून लसणाची फोडणी. कुळीथ म्हणजे हुलगेच, ते अथणीत पण मिळतात आणि तुमच्या आत्तींना ते माहितीच असणार, फक्त त्यात आमसूल घाला, चिंच नको. भात उकड्याचा लावला तर दोन घास जास्तच जातील पण घरच्यांना तो जाड लागेल, म्हणून थोडाच लावा, बाकी साधा. भाकरी ज्वारीचीच ठेवा, कढणाबरोबर भारी लागते.

आणि सुरुवातीला आंबील द्या. तुमच्यात नाचणीचं, आत्तींच्यात ज्वारीचं, सौंदत्तीच्या यल्लम्माहून परत आल्यावर कोल्हापूरला रेणुकेची आंबील यात्रा भरते तिथं पण हाच नैवेद्य, सोबत वरण्याच्या शेंगा-वांग्याची भाजी आणि भाकरी. पीठ आदल्या रात्री ताकात नाहीतर पाण्यात भिजवून ठेवा, सकाळपर्यंत जरा आंबलं की उकळत्या पाण्यात ओतून सारखं ढवळत शिजवा, ढवळायचं थांबलात की गुठळ्या होतात. गार झाल्यावरच ताक घाला, गरम असताना घातलं की फाटतं. मग मीठ, ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड. निम्मं नाचणीचं आणि निम्मं ज्वारीचं वेगवेगळं करा, दोन्ही पातेली समोर ठेवा आणि ज्याला जे पाहिजे ते घेऊ दे. पावशेर पिठात आठ-दहा माणसांना पुरतं.